तसबिरीतील स्त्री आणि तसबीर काढणारी स्त्री

जुन्या घरांच्या माजघरात किंवा पेटीच्या तळाशी सापडणाऱ्या तसबिरी ज्यांनी लक्षपूर्वक पाहिल्या असतील, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट सहज आली असेल. खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांचे नाव, हुद्दा, क्वचित पगाराचा आकडासुद्धा घरातील मुलांस तोंडपाठ असतो. परंतु त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईविषयी विचारले असता 'त्या आजोबांच्या पहिल्या कुटुंब' किंवा 'त्या आत्याच्या सासूबाई' यापलीकडे उत्तर मिळत नाही. तिचा चेहरा शंभर वर्षे टिकला, नाव मात्र दोन पिढ्यांत पुसले गेले. छायाचित्र ही निर्जीव यंत्राने केलेली निःपक्षपाती नक्कल आहे, असे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो व शिकवितोही. ते अर्धेच खरे आहे. यंत्र कोणाच्या हाती होते, समोर कोणास उभे केले, कसे उभे केले आणि खाली काय लिहिले, या चार प्रश्नांची उत्तरे पाहू गेल्यास तो निःपक्षपातीपणा फार वेळ टिकत नाही.

गेल्या तीसेक वर्षांत आपल्या देशातील काही स्त्री-कलावंतांनी छायाचित्रणाच्या जुन्या पद्धती मुद्दाम पुन्हा हाती घेऊन हेच प्रश्न विचारण्यास आरंभ केला आहे. हल्ली ज्या काळी खिशातील दूरध्वनीने लहान मूलही क्षणात चित्र टिपते, त्या काळी तपकिरी छटेच्या चांदीच्या कागदाकडे, हाताने रंगविलेल्या फोटोंकडे किंवा सूर्यप्रकाशात उमटणाऱ्या निळ्या ठशांकडे वळणे हे कित्येकांस निव्वळ हौशी वेड वाटते. माझ्या मते ते वेड नव्हे, आणि आपल्या शाळेतील मुलामुलींनी व त्यांच्या आईवडिलांनी त्याची दखल घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. अजिंठ्याची चित्रे नकलून घेण्यासाठी मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी 1844 साली नेमला गेला. अनेक वर्षे खपून त्याने तैलरंगांत ज्या मोठमोठ्या प्रती केल्या, त्यांतील बहुतेक लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला 1866 साली लागलेल्या आगीत जळाल्या. मध्यंतरी तो छायाचित्रणाकडे वळला होता, आणि 1864 साली फर्ग्युसन या पंडिताच्या विवेचनासह लेण्यांचे जे पुस्तक निघाले, त्यात गिलने काढलेली चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत. त्या काळचे हे काम म्हणजे मोठी तपश्चर्या होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच यंत्रात घालून चित्र घ्यावयाचे आणि ती वाळण्यापूर्वी काळोख्या तंबूत धावत जाऊन धुवावयाची. सारा कारभार दहा-पंधरा मिनिटांत आटोपला नाही तर मेहनत फुकट. आपल्याकडील वैशाखात ती काच किती लवकर वाळत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या गिलच्या आयुष्यात पारो नावाची एक स्थानिक स्त्री होती. ती 23 मे 1856 रोजी मरण पावली. अजिंठा गावात तिचे थडगे आहे. त्यावरील शिळेवर गिलने तिचे नाव व मृत्यूची तारीख प्रेमाच्या शब्दांसह कोरविली. तिच्याविषयी पुढे दंतकथा झाल्या, कविवर्य ना. धों. महानोरांनी दीर्घ काव्य लिहिले, 2012 साली चित्रपटही निघाला. परंतु विचार करा. तिचा माणूस लेण्यांतील खांबन्‌खांब आणि कोरीव चौकट कागदावर उतरवीत राहिला, आणि पारो आपल्याला ठाऊक आहे ती त्या एका दगडामुळे. दगडावर नाव कोरण्याची बुद्धी गिलला झाली, म्हणून आज आपण तिला नावाने हाक मारू शकतो. तिच्या पिढीतील इतर बायांना तेवढेही लाभले नाही.

जेथे स्त्रिया छायाचित्रांत आल्या, तेथे तरी त्यांची अवस्था काय होती? मुंबईत विल्यम जॉन्सन याने 1863 व 1866 साली मुंबईच्या लोकांविषयी दोन खंड प्रसिद्ध केले. पुढे 1868 ते 1875 या काळात सरकारी आश्रयाने हिंदुस्थानातील लोकांविषयी आठ खंड निघाले व त्यांत चारशे अडुसष्ट छायाचित्रे आली. या खंडांत माणसे आहेत ती बहुधा नमुने म्हणून. अमुक जातीची स्त्री, तमुक जमातीची स्त्री; जणू वनस्पतिशास्त्राच्या वहीत चिकटविलेली पाने. त्याच सुमारास, 1869 साली, लॅम्प्रे नावाच्या इंग्रजाने माणसाच्या पाठीमागे दोन-दोन इंचांच्या चौकटी असलेला पडदा टांगून अंगाचे माप घेण्याची पद्धत सुचविली. माणसाला मोजपट्टीसमोर उभे करून मोजावयाचे आणि त्याचे नाव मात्र विचारावयाचे नाही, ही त्या शास्त्राची रीत.

येथे आपण ख्रिस्ती मंडळींनीही आपले अंगण झाडून घेतले पाहिजे. मिशनच्या जुन्या इंग्रजी मासिकांत विलायतेतील वर्गणीदारांसाठी छापलेली चित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस 'एक बालविधवा', 'एक बायबलबाई', 'शाळेतील मुली' अशा ओळी परिचयाच्या असतील. ज्यांनी ती चित्रे काढली, त्यांच्या मनात दया होती याविषयी मला शंका नाही. तथापि दयेलाही नाव विचारण्याची सवय असावी लागते. मार्काच्या शुभवर्तमानात बेथानी येथे प्रभूच्या मस्तकावर बहुमोल सुगंधी तेल ओतणारी स्त्री येते. जगात जेथे जेथे सुवार्तेची घोषणा होईल तेथे तेथे तिचे कृत्य तिच्या स्मरणार्थ सांगितले जाईल, असे प्रभू सांगतो. आणि तरी मार्काने तिचे नाव लिहिलेले नाही! ते आपणांस योहानाकडून कळते. पवित्र शास्त्र शिकविताना मुलींनी मला याचे कारण एकदा नव्हे, अनेकदा विचारले आहे. प्रश्न रास्त आहे.

आता दुसरी बाजू पाहू. यंत्र स्त्रीच्या हाती आले तेव्हा काय झाले? आपला प्रांत ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा यांची त्यांनी काढलेली चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. 1892 साली त्यांनी हैदराबादेत केवळ पडदानशीन स्त्रियांसाठी एक स्वतंत्र चित्रशाळा काढली. तिच्याभोवती उंच भिंती होत्या, आत पुरुषांस मज्जाव होता, आणि कारभार एका इंग्रज बाईकडे सोपविला होता. पडदा न मोडता पडद्याआड उजेड नेण्याचा हा प्रयत्न. कोणी म्हणेल, यात सुधारणा ती कसली? भिंती तर तशाच राहिल्या. ते खरे, पण ज्या घरंदाज स्त्रीने परपुरुषासमोर कधी मुख दाखविले नसेल, तिला आपली छबी आपल्या हाती धरावयास मिळाली, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. मात्र त्या चित्रशाळा चालविणाऱ्या बाईंचा उल्लेख पुस्तकांतून येतो तो 'मिसेस केनी-लेविक' असा, म्हणजे पतीच्या आडनावाने. दुसऱ्या स्त्रियांच्या मुद्रा जतन करणारीचे स्वतःचे नाव असे झाकलेले राहिले!

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. 1842 साली सर जॉन हर्शेल यांनी लोहाच्या क्षारांपासून निळे ठसे उमटविण्याची रीत शोधली. दुसऱ्याच वर्षी, 1843 साली, ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईने समुद्रशेवाळे कागदावर ठेवून, उन्हात धरून, त्यांचे निळे ठसे घेऊन ग्रंथ काढण्यास आरंभ केला. छायाचित्रांनी सजविलेला जगातील पहिला ग्रंथ म्हणून तो गणला जातो. तिने आपली सही केवळ 'ए. ए.' या अद्याक्षरांनी केली होती. पुढच्या एका संग्राहकाने त्यांचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला! तिचे वडील लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस होते, पण त्या संस्थेने स्त्रियांस सभासद करून घेतले ते 1945 साली. कलकत्त्यास जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉन हिने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, 1863 साली, यंत्र हाती घेतले आणि त्याच ओल्या काचांवर मोठमोठ्या माणसांच्या मुद्रा उमटविल्या. चाळिशी उलटलेल्या वाचकांनी हे वय ध्यानात ठेवावे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. 1913 साली नवसारीस जन्मलेल्या या बाई हिंदुस्थानातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. त्यांची आरंभीची चित्रे त्यांच्या पतीच्या, माणेकशा यांच्या नावावर छापली गेली. स्वातंत्र्याच्या वेळची, नेत्यांची व मिरवणुकांची किती तरी चित्रे त्यांनी टिपली. सरकारने पद्मविभूषण दिले ते 2011 साली, म्हणजे वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. आणि 2012 च्या जानेवारीत त्या वारल्या. उशिरा का होईना, नाव परत मिळाले.

या साऱ्या इतिहासाचा हिशेब जिने चित्रांतूनच मागितला, ती पुष्पमाला एन. ही 1956 साली बंगळुरास जन्मलेली कलावती. ही मूळची शिल्पकार. तिच्या या प्रकारच्या कामाचा आरंभ मुंबईत झाला, ही आपणा मराठी वाचकांस विशेष जवळची गोष्ट. 1996 ते 1998 या काळात तिने मुंबईच्या रस्त्यांवर व जुन्या इमारतींत स्वतःच नायिका होऊन एक चित्रकथा रचली. चाबूक व मुखवटा घेतलेल्या नादिया या जुन्या साहसी नटीची ती थट्टामिश्रित आठवण होती. पुढे 2000 नंतर ती दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत गेली. तेथे जे. एच. ठक्कर हे चित्रपटांतील नटनट्यांच्या मुद्रा टिपणारे वृद्ध छायाचित्रकार होते. त्यांच्याच जुन्या दिव्यांखाली, त्यांच्याच जुन्या पद्धतीने, पुष्पमाला नऊ रसांच्या नऊ मुद्रा घेऊन बसली; शिवाय हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती स्त्रीच्या ठरीव प्रतिमाही तिने स्वतःच्या अंगावर घेतल्या. चांदीच्या कागदावर छापून, तो गंधकाच्या द्रावणात तपकिरी करून ही चित्रे सिद्ध झाली.

मला यातील महत्त्वाचा भाग दिसतो तो असा. तपकिरी रंग पाहिला की आपण निमूटपणे मान्य करतो, 'हे जुने आहे, म्हणजे खरे आहे.' पुष्पमाला त्याच रंगाचा उपयोग करून आपणांस फसविते आणि मग हसते. शोकाची, शृंगाराची, लज्जेची जी मुद्रा आपण स्त्रीचा स्वभाव म्हणून समजत होतो, ती दिवा कोठे ठेवावयाचा व हनुवटी किती खाली करावयाची, याच्या हिशेबाने कारागिराने बनविलेली होती, हे तिच्या चित्रांतून उघड होते. आधुनिक यंत्राने हे साधले नसते. ज्या भांड्यात खोटेपणा शिजला, तेच भांडे घासून दाखविल्याखेरीज त्याचा कळकट थर दिसत नाही.

यानंतर 2000 ते 2004 या काळात क्लेअर आर्नी या छायाचित्रकार बाईंच्या सहकार्याने तिने दक्षिण हिंदुस्थानातील स्त्रियांच्या चालीरीतींची मालिका केली. राजा रविवर्म्याच्या चित्रांतील लक्ष्मी त्यात आहे. त्या लक्ष्मीच्या रंगीत प्रती ज्या छापखान्यातून घरोघर गेल्या, तो 1894 साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, हे अनेकांस ठाऊक नसते. लक्ष्मीबरोबरच वेलंकणीची माता आहे. वर्तमानपत्रात छापलेल्या चोर बायांच्या चित्राची नक्कल आहे. आणि मोजमापाच्या चौकटींसमोर उभी असलेली तोडा स्त्रीही आहे. देवी आणि गुन्हेगार अशा दोनच टोकांना स्त्रीला नेऊन बसविण्याची आपली सवय एका ओळीत मांडली, की तिची विसंगती डोळ्यांत भरते. वेलंकणीच्या मातेचा वेष घेतल्याबद्दल कोणा भाविकास वाईट वाटणे शक्य आहे. मला तसे वाटले नाही. आपल्या नाताळच्या नाटकांत दर वर्षी एक मुलगी मरीया होतेच, आणि त्या वेळी कोणाची श्रद्धा डळमळत नाही.

या मालिकेवर एक आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. शहरातील सुशिक्षित बाईने डोंगरावरील तोडा स्त्रीचा वेष घेतला, म्हणजे पुन्हा एकदा त्या स्त्रीला न विचारता तिचे चित्र काढले असे नाही का झाले? पूर्वी साहेबाने काढले, आता देशी कलावतीने. या आक्षेपात मला तथ्य वाटते. पुष्पमालेच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की मोजपट्टीसमोर तिने दुसऱ्या कोणाला न लोटता स्वतःचाच देह उभा केला, आणि तिचे हसणे आहे ते मोजणाऱ्यावर, मोजल्या जाणाऱ्या बाईवर नव्हे. तरीही त्या बाईचे नाव त्यातून परत आले नाही. ते आणावयाचे तर यंत्र तोडा मुलीच्या, भिल्ल मुलीच्या, ऊसतोडणीस जाणाऱ्या आपल्या मराठवाड्यातील मुलीच्या स्वतःच्या हाती गेले पाहिजे. कलावतीने दार उघडले. आत कोणी जावयाचे, हा प्रश्न शिल्लक आहे.

स्त्री स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या वेषात, स्वतःच्या नावाने चित्रात उभी राहिली तर ते कसे दिसते, याचाही एक नमुना आपल्यापाशी आहे. 10 ऑक्टोबर 1885 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र घेतले गेले. आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख घातलेला आहे. आनंदीबाई लुगड्यात आहेत. तिघीही सरळ पाहत आहेत. त्या चित्रात कोणी कोणाचे कुटुंब नाही. आनंदीबाई पुढच्या वर्षी डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत, अवघ्या एकविसाव्या वर्षी, वारल्या. ते एक चित्र नसते तर आपल्या मुलींना दाखविण्यासाठी किती थोडे उरले असते! लक्ष्मीबाई टिळकांनी 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला 'स्मृतिचित्रे' हे नाव दिले, तेही मला या संदर्भात नेहमी आठवते. यंत्र नव्हते, तर त्यांनी शब्दांनी स्वतःची तसबीर काढली, आणि तीत स्वतःला मुळीच नटविले नाही.

पालकांपैकी काहीजण म्हणतील, 'मास्तर, मुलीला दहावीस टक्के किती पडतील ते सांगा. या तसबिरींचे काय घेऊन बसलात?' त्यांना माझे उत्तर असे, की परीक्षेच्या निकालाच्या यादीत मुलीचे नाव येते ते आनंदाचेच आहे; परंतु लग्नपत्रिकेपासून घराच्या उताऱ्यापर्यंत पुढे ते नाव कोठे कोठे गळते, हेही एकदा घरी बसून पाहावे. आमच्यासारख्या जुन्या शाळांच्या वार्षिकांतील शिक्षकवृंदाच्या चित्राखालीही पुरुषांची नावे आद्याक्षरांसह व बायांची 'मिसेस अमुक' अशी छापण्याचा प्रघात पुष्कळ काळ होता. यंदाच्या अंकापासून प्रत्येक शिक्षिकेचे, कारकून बाईंचे आणि शाळा झाडून स्वच्छ ठेवणाऱ्या मावशींचेही संपूर्ण नाव छापावे, अशी माझी संपादक मंडळास सूचना आहे. त्यासाठी अर्धी ओळ अधिक जागा लागेल.

दुसरी सूचना विज्ञानमंडळास. ॲना ॲटकिन्सची निळ्या ठशांची रीत शाळेत सहज करता येण्यासारखी आहे, आणि घरे बांधणाऱ्यांचे निळे नकाशे एके काळी याच रीतीने निघत. फेरिक अमोनियम सायट्रेट पंचवीस ग्रॅम शंभर मिलिलिटर पाण्यात, आणि पोटॅशियम फेरिसायनाइड दहा ग्रॅम वेगळ्या शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. मंद उजेडाच्या खोलीत दोन्ही सारख्या प्रमाणात एकत्र करून जाड कागदावर कुंचल्याने सारवावे व अंधारात वाळवावे. शिक्षक जवळ असावेत, हातमोजे घालावेत आणि या द्रावणांत कोणतेही आम्ल मिसळू नये. कागदावर कडुनिंबाची डहाळी, जाळीची ओढणी, आजीच्या लुगड्याचा पातळ पदर, काय वाटेल ते ठेवून वर काच दाबावी आणि आपल्या गावच्या दुपारच्या उन्हात पाच-दहा मिनिटे धरावे. कागद राखट झाला की साध्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुवावा. जेथे सावली होती तेथे पांढरे आणि बाकी सारे गर्द निळे उमटते. धुण्याचा सोडा वा साबण मात्र लावू नये, रंग उडतो.

मुलींनी या कामी पुढे यावे आणि मुलांनी पाणी भरण्याचे काम आनंदाने करावे. घरातील जुन्या तसबिरी दाखविण्यास कोणी आजी-आजोबा तयार असतील, तर मुलांनी त्यांच्याजवळ बसून चित्रातील प्रत्येक स्त्रीचे माहेरचे व सासरचे नाव, गाव आणि ती काय काम करीत असे ते विचारून घ्यावे आणि त्या तसबिरीच्या पाठीमागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने, हात हलका ठेवून लिहावे. शाईने लिहू नये. ती कालांतराने पुढच्या बाजूस उमटते.